बाबागाडीत बाळ गार पडतं? आधी गादीखाली हात घालून बघा

दिवाळी सरली की दुकानात एकच तक्रार सुरू होते आणि ती संक्रांतीपर्यंत काही थांबत नाही. "घरात बाळ चांगलं उबदार असतं, गाडीत ठेवलं की हातपाय बर्फ." दुसरी तक्रार ऐकायला उलटी वाटते: "एवढं गुंडाळून नेलं, तरी रडून रडून लाल झालं. उचललं तर पाठ ओली." मधेच कुणीतरी गाडीच परत करायला येतं. बेळगावच्या शहापुरात लहान मुलांच्या सामानाचं दुकान चालवते म्हणून सांगते, गाडी बदलून हे दुखणं सहसा जात नाही. गाडीत अंथरायची-पांघरायची रीत बदलली की जातं. आपण सगळे वरून पांघरुणं वाढवत बसतो आणि गारवा येत असतो खालून.

हे सगळं पूर्ण दिवसांच्या, अडीच किलोच्या वर वजन असलेल्या, डॉक्टरांनी बाहेर न्यायला हरकत नाही म्हटलेल्या बाळांसाठी आहे. कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ असेल तर थंडीत गाडीचा विचार लांबच ठेवा. त्याची जागा आईच्या छातीशी.

बाळ खरंच गार आहे का?

दुकानात सासू-सुनेचं जे बोलणं होतं ते ऐकून पाठ झालंय. सासूबाई म्हणतात, "हात बघ की गं, कसे गारठलेत. अजून एक शाल घाल." सून म्हणते, "आत्याबाई, अंगाला घाम आलाय त्याच्या." आणि दोघींचंही खरं असतं.

नवजात बाळाचं रक्ताभिसरण अजून नीट बसलेलं नसतं. शरीर आधी हृदय-मेंदूची सोय बघतं, हातापायांचा नंबर शेवटी. त्यामुळे पंजे आणि तळवे गार असणं, पहिल्या काही दिवसांत थोडे निळसर दिसणं, हे अंग उबदार असतानाही होतं. ओठ किंवा जीभ निळी दिसली तर मात्र गोष्ट वेगळी, तडक दवाखाना गाठायचा.

बघायची जागा म्हणजे मानेची मागची बाजू, छाती किंवा दोन खांद्यांमधली पाठ. आधी आपले हात चोळून गरम करा, नाहीतर तुमच्या गार बोटांना सगळंच गरम लागेल. मग दोन बोटं झबल्याच्या गळ्यातून मागे सरकवा. कातडी उबदार आणि कोरडी लागली तर हातपाय कितीही गार असोत, बाळ बरं आहे. तिथंच गार लागली तर बाळ खरंच गारठलंय. दमट लागली, मानेजवळची जावळं चिकटलेली दिसली, तर कपडे कमी करायचे आहेत. शंका राहिली तर थर्मामीटर काखेत धरा. ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट, म्हणजे ३६.५ ते ३७.५ सेल्सियस, हे ठीक.

बाळाला हुडहुडी भरत नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. मोठ्या माणसाला थंडी वाजली तर दात वाजतात, अंग थरथरतं आणि त्यातून ऊब तयार होते. नवजात बाळाकडे त्याऐवजी खांद्यांच्या मधे, मानेभोवती आणि मूत्रपिंडांजवळ एक खास तपकिरी चरबी असते. ती जाळून ते अंग गरम ठेवतं. त्यात प्राणवायू खर्च होतो, रक्तातली साखरही खर्च होते. म्हणून गारठलेलं बाळ थरथरण्याऐवजी मलूल होतं, दूध ओढायचं कमी करतं. "शहाण्यासारखं गप्प पडलंय" असं वाटलं तर मानेला हात लावून बघाच.

गारवा खालून येतो तो असा

आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याचशा गाड्यांचा तळ म्हणजे एक पातळ फळी किंवा नुसतं ताणलेलं कापड, वर बोटभर स्पंज, त्यावर रेक्झिन नाहीतर नायलॉन. त्याखाली सामानाची जाळी. म्हणजे बाळाची पाठ आणि उघडं वारं यांच्यात अंतर किती, तर दोन बोटं. ऊब धरून ठेवते ती स्पंजमधली हवा, आणि बाळ झोपलं की स्पंज दबून ती हवाच निघून जाते. वर तीन शाली असल्या तरी पाठीची ऊब खाली झिरपत राहते. घरच्या पाळण्यात हे होत नाही. तिथं खाली वाकळ असते आणि आजूबाजूची हवाही कोंदट-उबदार असते.

स्वतः करून बघा. सकाळी गाडी अंगणात लावा आणि थोड्या वेळाने मनगटाची आतली बाजू गादीवर टेकवा. मग गादीखाली हात घालून फळी चाचपा. बेळगावची पहाट डिसेंबर-जानेवारीत १४ अंशांच्या आसपास असते. समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवरचं गाव आणि पश्चिमेला सह्याद्री, त्यामुळे वाराही असतो. फळी किती गार लागते ते एकदा हाताला कळलं की पुढचं सांगायलाच लागत नाही.

उपाय स्वस्तातला आहे. गादी काढा. फळीवर घोंगड्याची एक सपाट घडी घाला, बरोबर गादीच्या मापाची. मग गादी परत ठेवा. धनगरी घोंगडं विकत घ्यायची वेळ आपल्याकडे सहसा येत नाही, कुणाच्या तरी माळ्यावर आजोबांचं पडलेलं असतंच. झटकून दोन दिवस कडक उन्हात घाला. लोकर दबली तरी हवा धरून ठेवते आणि थोड्या ओलाव्याने लगेच गार पडत नाही. ते गादीच्या खालीच ठेवायचं. बाळाच्या अंगाला नको, टोचतं आणि तूस नाकातोंडात जातं. घडीला उंचवटा येऊ देऊ नका. बाळ सपाट आणि घट्ट गादीवर उताणंच झोपायला हवं.

गादीच्या वर घट्ट विणीची सुती चादर आणि त्यावर मऊ सुती दुपटं, कडा खाली खोचून. राईची उशी गाडीत नको. उशी कुठलीच नको.

आता मेणकापड. गादी खराब होऊ नये म्हणून लोक मेणकापड अंथरतात आणि त्यावर एक पातळ दुपटं टाकतात. बाळाची पाठ घामेजली किंवा लंगोट ओला झाला की ओल खाली जायला वाट नसते. ती पाठीशीच साठते आणि मग वाऱ्याबरोबर गार होते. "पाठ ओली आणि गार" अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा मेणकापडाचं विचारते. गादी वाचवायची असेल तर जरूर वापरा, पण त्याच्यावर जाड सुती थर हवा. बाहेर पडल्यावर अधूनमधून हात उताणा करून दुपट्याखाली सरकवून बघा. दमट लागलं तर दुपटं बदलायचं. वरून शाल घालून ओल जात नाही.

आणि गाडी रात्रभर कुठं उभी असते? जिन्याखाली, पडवीत, नाहीतर स्कूटरशेजारी. सकाळी तशीच ओढून बाळ त्यात ठेवलं तर आधी बाळालाच ती गादी गरम करायला लागते. रात्री निदान गादी आणि दुपटी घरात आणा. ते जमत नसेल तर निघायच्या अर्धा तास आधी गाडी आतल्या खोलीत घ्या.

गरम पाण्याची पिशवी ठेवून गादी तापवायची युक्ती बरेच जण विचारतात. बाळ ठेवण्याआधी तापवून पिशवी काढून घेतली आणि गादी हाताने तपासली तर हरकत नाही. बाळाशेजारी पिशवी मात्र कधीच नाही. आपल्याला सहन होतं तेवढ्याने बाळाची कातडी भाजू शकते.

वरचं पांघरूण

आपल्या अंगावर जेवढं आहे त्यापेक्षा बाळाला एक थर जास्त, हा हिशेब पुरतो. सकाळी तुम्ही कुडत्यावर स्वेटर घातला असेल तर बाळाला सुती झबलं, त्यावर पूर्ण बाह्यांचं अंगडं, मग स्वेटर. पायात मोजे, डोक्याला टोपडं, आणि छातीपर्यंत एक दुपटं. दुपटं दुहेरी घडी करून घातलं तर ते दोन थर धरा. एका जाड रजईपेक्षा दोन-तीन पातळ थर बरे. त्यांच्यामधे हवा राहते आणि ऊन वर आलं की एकेक काढता येतो.

हे काढणंच नेमकं होत नाही. सकाळी १४ अंश असतात, पण दुपारी पारा ३० च्या जवळ जातो. गाडीत मात्र बाळ सकाळच्याच कपड्यांत. नवजात बाळाला अति गरम होणं हे थंडीइतकंच वाईट. झोपेतल्या अचानक मृत्यूचा धोका अति उबेने वाढतो, हे बालरोगतज्ज्ञ कळकळीने सांगतात. घाम आला तर पुढे तोच गारही पाडतो. म्हणून ऊन अंगावर आलं की मानेला हात, सावलीत शिरलात की पुन्हा मानेला हात.

डोकं झाकायचं ते बाहेर. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं, ऊब तिथून भरभर जाते. पण बँकेत, मंगल कार्यालयात, बसमध्ये, कुणाच्या घरात शिरलात की टोपडं आणि स्वेटर काढा, झोपलेलं असलं तरी. "झोप मोडेल" म्हणून तसंच ठेवलेलं बाळ पंधरा मिनिटांत घामाघूम होतं. घरी पाळण्यात झोपवतानाही टोपडं नको.

मला विचाराल तर गाडीसाठी कुंचीसारखं दुसरं काही नाही. डोकं, कान, मान आणि पाठ एका कापडात झाकतं, आणि काढायला एक झटका पुरतो. आजकाल बारशापुरती नेसवून कपाटात जाते, जरीची असते म्हणून. साध्या सुती कापडाची एक शिवून घ्या. बंद मात्र हनुवटीखाली गाठ मारायचे नकोत. कापडी पट्टीला चिकटपट्टी किंवा टिचबटण लावा.

गाडीचा पट्टा अंगाला बसेल असा आधी लावायचा, दुपटं त्याच्या वरून. जाड जाकिटावरून लावलेला पट्टा घट्ट वाटतो, पण आत बाळ सैल असतं. बाळाचे पाय गाडीच्या पायथ्याशी टेकतील इतकं खाली सरकवा. मग दुपटं काखेपर्यंतच आणून दोन्ही बाजूंनी गादीखाली खोचा, हात बाहेर. असं केलं की दुपटं तोंडावर चढत नाही आणि पायाकडून वारंही शिरत नाही. पायाकडची बाजू बऱ्याच गाड्यांत उघडीच असते. लोक टप खाली ओढतात आणि पाय मोकळे सोडतात. दांडा उलटा फिरवता येत असेल तर बाळाचं तोंड तुमच्याकडे करा. समोरचं वारं टपाच्या पाठीवर जातं आणि बाळ डोळ्यांसमोर राहतं.

शाल टाकून गाडी झाकणं

हे जवळजवळ प्रत्येक घरात होतं. वारं लागू नये, धूळ नको, कुणाची नजर नको म्हणून टपावरून आईची शाल किंवा ओढणी सोडतात. आत हवा खेळायची थांबते. बाहेर सौम्य ऊन असलं तरी आत तापतं, बाळाने सोडलेली हवा तिथंच कोंडते आणि बाळ दिसेनासंही होतं. पातळ मलमल असली तरी तेच. रडून लाल झालेल्या आणि पाठ ओली असलेल्या बाळांपैकी बहुतेकांच्या गाडीवर अशी शाल असते.

धुळीसाठी, डासांसाठी जाळी वापरा. वाऱ्यासाठी टप वाऱ्याच्या दिशेला फिरवा. नजरेसाठी गालावर तीट लावा, माझी हरकत नाही.

खानापूरची झड आणि अथणीचं ऊन

जिल्हा एकच, पण हवा एक नाही. जांबोटी-कणकुंबीकडे, जिथं मलप्रभा उगम पावते, तिथं पावसाळ्यात दिवसेंदिवस सूर्य दिसत नाही. खानापूर तालुक्यातून जुलै-ऑगस्टमध्ये येणारी तक्रार थंडीची नसते, ओलीची असते. "दुपटी वाळली होती तरी बाळ गार पडतं." ती वाळलेली नसतात. दमट हवेत कापड हाताला कोरडं लागतं, पण आत ओल धरून असतं. दुपट्यावरून गरम इस्त्री फिरवा आणि उजेडात तिरकं बघा. वाफेची पुसट रेघ उठली की समजा ओलं आहे. वाफ यायची थांबेपर्यंत इस्त्री करा, गार होऊ द्या आणि मगच अंथरा. शेगडीवर टोपलं उपडं घालून बाळोती वाळवायची जुनी रीत आहे. ती करायचीच तर बाळ-बाळंतीण असलेल्या खोलीबाहेर, उघड्यावर. बंद खोलीत निखारे ठेवले की विषारी वायू साठतो, त्याला वासही नसतो.

पावसासाठी गाडीला प्लॅस्टिकचं आवरण मिळतं. पाऊस पडतोय तोवरच ते घालायचं. बाजूच्या हवेच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि आतून बाष्प धरलं की काढून पुसायचं. आडोशाला पोचलात की पहिलं काम ते काढणं. प्लॅस्टिकखाली जाड कपडे घातले तर बाळ आत उकडतं, म्हणून एक थर कमी करा.

अथणी-कागवाडकडे पाऊस कमी, ऊन कडक. तिथं फेब्रुवारीच्या शेवटी दुपारी गाडी बाहेर काढायचीच नाही, स्वेटरचा प्रश्न नंतरचा. निपाणी-चिकोडीवाल्यांनी दोन्हीकडचं थोडं थोडं घ्यावं.

न्हाऊ-माखू आणि लसीचा दिवस

तेल-मालिश, आंघोळ झाली की लगेच बाहेर निघू नका. जावळ ओलं असलं तर वाऱ्यात डोकं पाहता पाहता गार होतं. केस पूर्ण कोरडे होऊ द्या, दूध पाजा, तासभर जाऊ द्या. धुरीच्या धुराने ऊब वाढत नाही, बाळाच्या छातीला त्रास मात्र होतो.

बऱ्याच बाळांची पहिली लांब फेरी दीड महिन्याच्या लसीला होते. सकाळी तायी कार्ड, म्हणजे आई-बाळाच्या नोंदीचं सरकारी कार्ड, घेऊन रांगेत, उघड्या व्हरांड्यात. तिथं वरचा थर घाला, आत बोलावलं की काढा. लस दिल्यावर ताप येऊ शकतो, तेव्हा येताना जास्त गुंडाळू नका. अंग गरम लागलं म्हणून "थंडी वाजत असेल" असं धरून शाल वाढवणारे बरेच भेटतात. बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत आशाताई घरी येतात, त्यांच्याकडून काखेतला ताप बघायला शिकून घ्या.

गाडी सपाट होत नसेल तर

पाठ पूर्ण आडवी होणारी गाडीच नवजात बाळाला चालते. छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी सुरुवातीला नको. त्यात बाळ वाकडं बसतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडू शकतो. कपड्यांचे थर नीट असूनही बाळ अस्वस्थ असेल तर हे तपासा. मान धरायला लागेपर्यंत थांबा. तोवर कडेवर, शालीत, आईच्या अंगाशी धरून नेलेलं बरं. अशी गाडी भेट म्हणून आली असेल तर रागावू नका, सहा महिन्यांनी कामाला येते.

मान गार लागली तर

गाडीत आणखी पांघरूण घालत बसू नका. बाळाला बाहेर काढा, ओलं असेल ते सगळं उतरवा. फक्त कोरडा लंगोट आणि टोपडं ठेवून आईच्या उघड्या छातीला लावा, वरून दोघांना शाल. आई जवळ नसेल तर बाबा चालतात, आजीही चालते. १९७८ मध्ये कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात इनक्युबेटर कमी पडायला लागले तेव्हा एडगर रे या डॉक्टरांनी कमी वजनाच्या बाळांसाठी हीच रीत सुरू केली. आज ती कांगारू काळजी म्हणून जगभर वापरतात. जोडीला दूध पाजत राहा.

अर्ध्या-पाऊण तासाने काखेत पुन्हा मोजा. ९७.७ च्या वर गेलं तर ठीक. चढत नसेल, ९५.९ च्या खाली असेल, बाळ दूध ओढत नसेल, मलूल असेल, श्वास भरभर किंवा कण्हत घेत असेल तर दवाखाना. उलट बाजूला १००.४ किंवा त्यावर ताप असेल तर तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला घरचं औषध न देता लगेच दाखवा. नवजात बाळाच्या संसर्गात अंग तापतं तसं कधी गारही पडतं, म्हणून "थंडीनेच झालं असेल" म्हणून थांबू नका. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा आणि वाटेतही बाळ छातीलाच लावलेलं असू द्या.